रात्रीची रेल्वे, बस की विमान? हिशेब उतरण्याच्या वेळेपासून मांडा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. ९०० किलोमीटरवरच्या शहरात सकाळी अकरा वाजता मुलाखत आहे. तिथे जाणारी रेल्वे रात्री आठला सुटते आणि सकाळी आठला पोहोचते. स्लीपर बस संध्याकाळी सातला निघते आणि साधारण तेरा तास घेते. विमान सकाळी सातचं, उड्डाण दीड तासाचं. परतताना आई बरोबर असेल आणि तिचे गुडघे दुखतात. विमान इतकं झटपट असताना अनुभवी माणसं रेल्वेचंच नाव का घेतात, हे तुम्हाला समजून घ्यायचंय.

लोकांच्या लांबच्या प्रवासाची आखणी करून देणं हा माझा व्यवसाय आहे. कुणाची परीक्षा असते, कुणाची कोर्टाची तारीख, कुणाला ऑपरेशननंतर घरी आणायचं असतं. जवळजवळ प्रत्येक जण तुमच्यासारखेच तिकिटावरचे तास घेऊन येतो: बारा, तेरा, दीड. हे आकडे शेजारी शेजारी लिहिले की निकाल लागलाच असं वाटतं. पण ते एका जातीचे आकडे नाहीत. रेल्वेच्या बारा तासांत तुमची रात्रीची झोप आहे. विमानाच्या दीड तासात मात्र घर ते विमानतळ, सुरक्षा तपासणी, सामानाच्या पट्ट्यापाशी थांबणं, तिथून गावात शिरणं, यातलं काहीही नाही. म्हणून मी निघण्याच्या वेळेकडे सुरुवातीला पाहतच नाही. ज्या खोलीत अकरा वाजता बसायचंय तिथून मागे मागे येते आणि प्रत्येक पर्यायात सलग किती तास आडवं पडता येतं ते बघते.

सातचं विमान असं मागून सोडवून पाहा. बऱ्याच विमान कंपन्यांचे चेक-इन काउंटर उड्डाणाआधी पाऊण ते एक तास बंद होतात. सामान द्यायचं असेल तर सव्वापाचला तरी विमानतळावर हवं. विमानतळ तासाभरावर असेल तर सव्वाचारला घर सोडायचं, म्हणजे साडेतीनला उठायचं. साडेआठला उतरल्यावर सामान हातात येऊन बाहेर पडेपर्यंत नऊ, शहरात पोहोचायला दहा. दीड तासाचा प्रवास साडेसहा तासांचा झाला. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे आदल्या रात्रीची झोप गेली. साडेतीनचा गजर आहे म्हणून कुणाला नऊला झोप लागत नाही. शरीराला सवय नसते, त्यात गजर वाजेल की नाही याची धास्ती. हाती येतात चार-साडेचार तास, तेही तुटक. त्यामुळे पहाटेच्या विमानाला मी दिवसाच्या प्रवासात धरतच नाही. तो रात्रीचाच प्रवास आहे, फक्त रात्र घरी आणि विमानतळावर वाटली गेलेली असते.

या विमानाची एक बाजू मात्र भक्कम आहे आणि ती सांगायलाच हवी. दिवसातली पहिली उड्डाणं सहसा सगळ्यात वेळेवर असतात. एकच विमान दिवसभर चार-सहा फेऱ्या करतं. दुपारच्या फेरीला झालेला उशीर संध्याकाळच्या फेरीच्या गळ्यात पडतो आणि रात्रीपर्यंत वाढत जातो. पहाटेचं विमान बहुधा रात्रीपासून तिथेच उभं असतं, त्याला कुणाचा उशीर वारशाने मिळत नाही. अपवाद धुक्याचा. धुक्याच्या मोसमात हीच पहाटेची उड्डाणं सगळ्यात आधी अडकतात.

आता रेल्वे. रात्रीच्या रेल्वेचा वेग बघून पुष्कळ लोक नाक मुरडतात, आणि इथेच त्यांची गफलत होते. रात्रीची गाडी सावकाश चालते त्याला बऱ्याचदा कारण असतं. लंडनहून एडिंबरोला दिवसाची गाडी सुमारे साडेचार तासांत जाते. त्याच दोन शहरांमधली रात्रीची गाडी, कॅलेडोनियन स्लीपर, साधारण मध्यरात्रीच्या जरा आधी निघून सकाळी सात-साडेसातच्या सुमाराला पोहोचते. तिला वेगाने नेलं असतं तर प्रवासी पहाटे साडेचारला फलाटावर उभे राहिले असते. जपानची सनराइज सेतो रात्री ९:५० ला टोकियो सोडते आणि सकाळी साडेसातच्या सुमाराला ताकामात्सूला पोहोचते. अशा गाड्या तुमच्या झोपेच्या मापाने बेतलेल्या असतात. आठ ते बारा तासांचा पल्ला, संध्याकाळी आठ ते अकराच्या दरम्यान सुटणं आणि सकाळी साडेसहा ते नऊच्या दरम्यान पोहोचणं, या चौकटीत बसणारी रात्रीची रेल्वे मिळाली तर दुसरं काही शोधायची सहसा गरज नसते. तुमची गाडी या चौकटीत बरोबर बसते.

चौकटीबाहेर गेलं की हीच रेल्वे त्रास देते. पहाटे चारला उतरवणारी गाडी, किंवा मधल्या स्टेशनवर रात्री दीडला पकडायची गाडी, वेळापत्रकात रात्रीची म्हणून दिसते, पण झोप दोन्हीकडून खाते. तिकीट काढताना गाडी कुठून कुठे जाते यापेक्षा तुमच्या स्टेशनवर ती कधी येते ते पाहा. लांब पल्ल्याच्या गाडीचं पहिलं स्टेशन सोयीचं आणि पाचवं अगदी गैरसोयीचं, असं सर्रास असतं.

आणि रेल्वे म्हणताना मी बर्थ म्हणतेय, बसायची सीट नव्हे. रात्रभर सीटवर बसून केलेला रेल्वेप्रवास आणि बसमधला प्रवास यांत झोपेच्या दृष्टीने फारसा फरक नाही. किंबहुना चांगल्या बसची मागे कलणारी सीट रेल्वेच्या ताठ सीटपेक्षा बरी. आडवं पडायला मिळतं म्हणून रेल्वे जिंकते. ते मिळणार नसेल तर तिचा अर्धा मुद्दा तिथेच संपतो.

बर्थ कुठला, यावर मी बराच वेळ घालवते, कारण त्याच भाड्यात रात्र सुधारते. डब्याच्या दोन्ही टोकांना खाली चाकं असतात, वर दारं असतात आणि बहुधा स्वच्छतागृहंही तिथेच. रात्रभर दार आपटतं, कुणीतरी दिवा लावतं, रुळांच्या सांध्यांचा ठोका थेट उशीत येतो. डब्याच्या मधोमध हे सगळं निम्म्याने कमी होतं. म्हणून नंबर निवडता येत असेल तर डब्यातले मधले नंबर घ्या. खालचा बर्थ कमी हलतो, कारण डब्याचं डोलणं वर जावं तसं वाढतं. ज्यांना गाडी लागते त्यांनी खालचाच घ्यावा. वरचा बर्थ घेणाऱ्याला एक फायदा असतो: तुमच्या अंथरुणावर कुणी बसत नाही, हवं तेव्हा आडवं होता येतं. पण छताचा दिवा आणि वातानुकूलनाची झडप दोन्ही तोंडावर असतात. डोळ्यांवर पट्टी, कानात बोळे आणि अंगावर पातळ शाल, या तीन वस्तू असतील तर वरचा बर्थ तरुण माणसाला उत्तम. ऑस्ट्रियाच्या नाइटजेट गाड्यांच्या २०२३ पासून आलेल्या नव्या डब्यांत एकट्या माणसासाठी बंद करता येणारे छोटे कप्पे आहेत. अनोळखी लोकांमध्ये झोप न लागणाऱ्यांची ही जुनी अडचण होती, तिच्यावरचा तो उपाय आहे.

रात्रीच्या रेल्वेचा खरा दोष उशीर. रुळांची दुरुस्ती रात्रीच काढतात, कारण तेव्हा वाहतूक कमी असते. मग रात्रीची गाडी वळसा घालून जाते किंवा आडबाजूला तासभर उभी राहते. काही गाड्या वाटेत दुभंगतात, अर्धे डबे एका शहराला, अर्धे दुसऱ्याला. त्या जोडातोडीचा धक्का झोपेतसुद्धा कळतो, आणि एका बाजूचा उशीर दुसऱ्या बाजूला लागतो. तेव्हा वेळापत्रकावर न थांबता त्या गाडीची गेल्या दोन-तीन आठवड्यांची प्रत्यक्ष पोहोचण्याची वेळ पाहा. बऱ्याच देशांत ही माहिती ऑनलाइन मिळते. मी सरासरी बघत नाही, सगळ्यात वाईट दिवस बघते. पंधरा दिवस वेळेवर आणि एक दिवस चार तास उशिरा, अशी गाडी फिरायला जाणाऱ्याला चालेल. मुलाखतीला जाणाऱ्याने तो एक दिवस आपलाच आहे असं धरून विचार करावा.

बसबद्दल जरा थांबून लिहायचंय. इथे प्रश्न आरामाचा नंतर येतो, आधी चालकाचा येतो.

माणसाच्या शरीराची झोपेची ओढ पहाटे दोन ते पाचच्या दरम्यान सगळ्यात जोरात असते. अनुभवी चालकही त्याला अपवाद नसतो. २९ एप्रिल २०१२ ला पहाटे जपानमध्ये कानाझावाहून टोकियोकडे येणारी बस कान-एत्सू महामार्गावर चालकाला डुलकी लागल्याने आवाजरोधक भिंतीवर आदळली आणि सात प्रवासी गेले. त्यानंतर जपानने रात्रीच्या बससाठी एका चालकाने चालवायच्या अंतराची मर्यादा ६७० किलोमीटरवरून सर्वसाधारणपणे ४०० वर आणली. युरोपीय संघाच्या नियमात साडेचार तास चालवल्यावर पाऊण तासाची विश्रांती सक्तीची आहे आणि दिवसाला ९ तास, आठवड्यातून दोनदा १०, एवढंच चालवता येतं. अमेरिकेत बसचालकाला सलग आठ तासांच्या सुट्टीनंतर जास्तीत जास्त १० तास. या आकड्यांशेजारी तुमची तेरा तासांची बस ठेवा. एक चालक ती नेत असेल तर यातल्या कुठल्याही देशाच्या नियमात ते बसत नाही. म्हणून रात्रीच्या लांबच्या बसचं तिकीट काढण्याआधी एकच प्रश्न विचारा: चालक किती आणि ते कुठे बदलतात? नीट चालणाऱ्या कंपनीकडे याचं उत्तर तयार असतं. वाटेतल्या अमुक ठिकाणी दुसरा चढतो, असं ठिकाणाच्या नावासकट सांगतात. उत्तर देताना चाचरले तर तिकीट काढू नका, भाडं कितीही कमी असो.

दुसरी गोष्ट आगीची. चीनमध्ये २०११ साली एका स्लीपर बसला आग लागून ४१ माणसं दगावली. बसमध्ये ज्वालाग्राही रसायनं भरलेली होती. त्यानंतर चीनने नव्या स्लीपर बसची नोंदणीच थांबवली. दोन मजली बर्थ, अरुंद वाट, झोपलेली माणसं, अंधार: अशा बसमधून बाहेर पडायला उभ्या सीटच्या बसपेक्षा वेळ लागतोच. चढल्या चढल्या आपत्कालीन दार कुठे आहे आणि काच फोडायची हातोडी जागेवर आहे का, एवढं पाहून घ्या. वाटेत सामान ठेवलेलं असेल तर तिथल्या तिथे हलवायला सांगा. भीड धरू नका. बर्थला पट्टा असेल तर झोपतानाही लावा, आणि पाय गाडीच्या तोंडाकडे ठेवून झोपा. करकचून ब्रेक लागला तर डोक्याऐवजी पायांवर भार येतो.

हे वाचून बस धोक्याचीच असा अर्थ काढू नका. अर्थतज्ज्ञ इयन सॅव्हेज यांनी अमेरिकेतल्या २००० ते २००९ या काळातल्या मृत्यूंचा हिशेब मांडला होता. दर एक अब्ज प्रवासी-मैलांमागे मोटारीत ७.२८, रेल्वेत ०.४३, बसमध्ये ०.११ आणि विमानात ०.०७. म्हणजे नियमाने चालणारी बस फार सुरक्षित असते, आणि या चौघांत सगळ्यात घातक आहे ती स्वतःची गाडी रात्रभर हाकत नेणं. तिन्ही पर्याय महाग वाटले की लोक नेमके तिकडे वळतात. कृपा करून वळू नका.

बस योग्य कधी? सहा-आठ तासांचा पल्ला असेल, रेल्वे नसेल किंवा दोनदा बदलावी लागत असेल, आणि बस थेट तुमच्या कामाच्या भागात सोडत असेल तेव्हा. ऐनवेळी निघायचं असेल तेव्हाही बसच उपयोगी पडते, कारण रेल्वेचे बर्थ संपलेले असतात आणि विमानाचं भाडं चढलेलं असतं. जागा पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधली घ्या. मागच्या चाकांमागे प्रत्येक खड्डा दुप्पट लागतो. घाटाची वाट असेल तर खालचीच जागा. बस दर दोन-तीन तासांनी थांबते, दिवे लागतात, माणसं उतरतात-चढतात, त्यामुळे तेरा तासांच्या बसमध्ये सलग तीन तास झोप झाली तरी पुष्कळ. वाटेत देशाची सीमा असेल तर तेवढीही नाही, कारण पासपोर्टसाठी रात्री सगळ्यांना उठवतात. आणि तिकिटावरच्या शहराच्या नावावर जाऊ नका, उतरवण्याची नेमकी जागा विचारा. हमरस्त्यावरच्या पुलाखाली पहाटे पाचला उतरून पुढचं वाहन शोधायचं असेल तर तो वेळ आणि ती जोखीम दोन्ही हिशेबात धरावी लागतात.

रात्रीच्या विमानाचं तुम्ही विचारलेलं नाही, पण पुष्कळ जण त्यालाही झोपेची सोय समजतात म्हणून दोन शब्द. तीन-चार तासांचं रात्रीचं उड्डाण झोपेसाठी सगळ्यात वाईट. चढताना अर्धा-पाऊण तास, उतरताना तेवढाच वेळ सीट सरळ ठेवायची, मध्ये खाण्यापिण्याची वर्दळ. हाती दीड-दोन तास येतात, तेही बसून. वर केबिनमधला हवेचा दाब साधारण ६,००० ते ८,००० फूट उंचीवर असतो तितकाच ठेवलेला असतो आणि हवा फार कोरडी असते. त्याचा शीण दुसऱ्या दिवशी जाणवतो. विमान खरं कामाला येतं ते अंतर दीड-दोन हजार किलोमीटरच्या पुढे गेलं की. तिथे रेल्वेला एक रात्र पुरत नाही, दुसरा दिवसही जातो, आणि मग दिवसाचं विमान आणि रात्री बिछान्यात झोप हेच शहाणपणाचं.

आता तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर. माझ्या मते निवड करताना सगळ्यात जास्त वजन द्यायचं ते एका गोष्टीला: हे साधन कोलमडलं तर त्याच्या मागे काय शिल्लक आहे?

रेल्वे रात्री आठला सुटते. ती रद्द झाली किंवा सुटायलाच तीन तास लागणार असं कळलं, तर सकाळी सातचं विमान तुमच्या हातात आहे. जागा महाग मिळेल, पण मिळू शकते. उलट तुम्ही सातच्या विमानावर विसंबलात आणि ते पहाटे पाचला रद्द झालं, तर अकराच्या आत पोहोचवणारं काहीही उरत नाही. दोन्ही साधनं एक दिवस सारखीच बिघडू शकतात, पण एकाच्या मागे दुसरं उभं आहे आणि दुसऱ्याच्या मागे कुणी नाही. अनुभवी माणसं रेल्वेचं नाव घेतात त्यामागे झोपेइतकंच हेही कारण असतं. हा नियम सगळीकडे लावता येतो. दिवसातलं शेवटचं विमान, आठवड्यातून दोनदाच जाणारी गाडी, ऋतूतली शेवटची फेरी, यांच्यावर महत्त्वाचं काम कधीही टांगू नये.

भरपाई मिळते म्हणून निर्धास्त राहू नका. युरोपात विमान रद्द झालं किंवा तीन तास वा त्याहून अधिक उशिरा पोहोचलं, तर अंतरानुसार २५० ते ६०० युरो मिळू शकतात, तेही कारण कंपनीच्या आवाक्यातलं असेल तर. तिथल्या रेल्वेत एक तास उशिराला भाड्याचा पाव भाग, दोन तासांना निम्मा. पण पैसे परत आले तरी मुलाखत परत येत नाही. आणि दोन वेगवेगळी तिकिटं काढून स्वतःच जोडलेला प्रवास असेल, म्हणजे आधी एक बस आणि मग वेगळ्या कंपनीचं विमान, तर पहिल्याच्या उशिरामुळे दुसरं चुकल्याची जबाबदारी कुणीही घेत नाही. वाटेत बदलायचंच असेल तर शक्यतो एकाच तिकिटावर बदला. ते जमत नसेल तर मध्ये तीन-चार तासांचं अंतर ठेवा.

पैशांचा हिशेब लोक फार घाईने करतात. रात्रीच्या रेल्वेने हॉटेलचं भाडं वाचतं हे खरं, पण सकाळी आठला उतरून अकराला नीटनेटकं बसायचं तर अंघोळीची, कपडे बदलायची जागा लागते. स्टेशनवर विश्रांतीगृह असेल तर उत्तम. नसेल आणि त्यासाठी खोली घ्यावी लागली, तर वाचलेले पैसे गेले. विमानाच्या भाड्यात सामानाचं शुल्क, निवडलेल्या सीटचं शुल्क आणि दोन्ही टोकांची टॅक्सी मिळवा. पहाटे सव्वाचारला बहुतेक ठिकाणी सार्वजनिक वाहतूक सुरू झालेली नसते, म्हणून टॅक्सी जवळजवळ सक्तीचीच. असं सगळं मिळवल्यावर स्वस्त विमान आणि रेल्वेचा वरच्या वर्गाचा बर्थ बऱ्याचदा एका पातळीवर येतात.

हवामानाची काळजी हा ज्यांच्यासाठी मुद्दा आहे त्यांच्यासाठी: ब्रिटन सरकारच्या आकडेवारीत एका प्रवाशामागे दर किलोमीटरला लांब पल्ल्याच्या बसचं उत्सर्जन साधारण २७ ग्रॅम, रेल्वेचं ३५, आणि देशांतर्गत विमानाचं अडीचशेच्या आसपास धरलेलं आहे. विमानाच्या आकड्यात उंचीवरच्या धुराचा जादा परिणामही आहे. बस आणि रेल्वेतला फरक नगण्य आहे, त्यावर डोकं शिणवू नका.

आईंचा प्रवास वेगळा. तिथे मी रात्रीची रेल्वे सुचवणार नाही, म्हणजे वर जे लिहिलं त्याच्या बरोबर उलट. गुडघेदुखीच्या माणसाला आडवं पडणं सोपं असतं, उठणं अवघड. रात्री दोनदा उठून, हलत्या डब्यात आधार शोधत स्वच्छतागृहापर्यंत जायचं, तेही झोपेत असताना, हा त्यांच्या प्रवासातला सगळ्यात धोक्याचा भाग. डब्याच्या मधला बर्थ तुमच्यासाठी चांगला, पण त्यांच्यासाठी तोच लांब पडतो. शिवाय उंच पायऱ्या आणि जिने. विमानतळावर व्हीलचेअरची मदत सहसा दारापासून विमानातल्या सीटपर्यंत मिळते. युरोपात ती कायद्याने मोफत आहे, फक्त ४८ तास आधी कळवायचं. इतर बऱ्याच ठिकाणीही बहुतेक कंपन्या तिकिटाबरोबरच तिची नोंद घेतात. परतताना कुठे वेळेवर हजर व्हायचं नसेल, तर सकाळी दहा-अकराचं विमान घ्या. झोप पुरी होते, पहिल्या फेऱ्यांचा वक्तशीरपणा बराच टिकलेला असतो आणि काही बिघडलं तर पुढची उड्डाणं असतात. सीट वाटेकडेची घ्या म्हणजे पाय लांब करता येतो.

पाय हलवत राहणं त्यांच्यासाठी दुहेरी गरजेचं. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये मांडलेल्या अभ्यासानुसार चार तासांपेक्षा जास्त वेळ बसून केलेल्या प्रवासानंतर पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो. मुळात तो कमी असतो, सुमारे ६,००० प्रवाशांमागे एक. पण तो फक्त विमानात असतो हा गैरसमज आहे, बस, रेल्वे आणि मोटारीलाही तो तसाच लागू आहे. आईंना आधी कधी गुठळी झाली असेल किंवा अलीकडे शस्त्रक्रिया झाली असेल, तर तिकिटाआधी डॉक्टरांशी बोला.

तर तुम्ही असं करा. आधी त्या रेल्वेची गेल्या तीन आठवड्यांची पोहोचण्याची वेळ काढा. एकदाही दीड तासापेक्षा जास्त उशीर झालेला नसेल, तर डब्याच्या मधला खालचा बर्थ आजच घ्या. मुलाखतीचे कपडे वेगळ्या पिशवीत उशाशी ठेवा आणि स्टेशनवरच्या विश्रांतीगृहाची चौकशी करून ठेवा. त्या संध्याकाळी सहापासून गाडीची स्थिती बघत राहा आणि सुटण्यालाच मोठा उशीर दिसला तर लगेच सकाळच्या विमानाकडे वळा, मध्यरात्रीपर्यंत वाट पाहत बसू नका. तीन आठवड्यांत दोन-तीनदा दीड तासांवर उशीर दिसला, तर रेल्वेचा विचार सोडा. आदल्या दिवशीचं दुपारचं विमान पाहा आणि रात्री तिथेच मुक्काम करा. दुपारचं म्हणतेय, संध्याकाळचं नाही, कारण चारचं विमान रद्द झालं तर आठची रेल्वे अजून फलाटावर यायची असते. तिच्यातला एक बर्थ, रद्द केल्यास बरेचसे पैसे परत मिळणार असतील तर, राखून ठेवायलाही हरकत नाही.

परतीची दोन्ही तिकिटं एकाच नोंदणीवर काढा. वेगवेगळी काढली तर वेळ बदलल्यावर एकाला एका विमानात आणि दुसऱ्याला दुसऱ्यात बसवण्याची वेळ येऊ शकते. व्हीलचेअरची नोंद तिकीट काढतानाच करा आणि निघायच्या दोन दिवस आधी फोन करून ती लागलीय ना याची खात्री करून घ्या. आईंची औषधं, आणि पॉवर बँक असेल तर तीही, हातातल्या पिशवीत ठेवा. लिथियम बॅटरीची सुटी पॉवर बँक खाली जाणाऱ्या सामानात ठेवू देत नाहीत, आणि ऐन काउंटरवर बॅग उघडायची वेळ आली की व्हीलचेअर घेऊन आलेला माणूस तोवर दुसऱ्या प्रवाशाकडे निघून जातो.